सहावा ठोकळा

गुरुवार, ४ सप्टेंबर

आई,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी ९.२०. मुंगीने (वय चार वर्षं आठ महिने) स्वतःहून चटई अंथरली.

२. फळीवरून गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे एकेक करून आणले. मोठे दोन्ही हातांनी, लहान बोटांत धरून. आपटले नाहीत.

३. योजनेप्रमाणे त्या दिवशी मनोरा नव्हताच. तो चौथ्या आठवड्यात संपला. त्या दिवशी खरकागदाची, बोटाने गिरवायची दोन अक्षरं होती. तरी मी तिला वीस मिनिटं दिली.

४. ९.४० वाजता मनोऱ्यात चूक झाली. मी ती दुरुस्त केली.

५. मुंगी उठून खिडकीपाशी गेली. चटई गुंडाळली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

६. आज अकरावा दिवस. तिने एकाही साहित्याला हात लावलेला नाही. जेवते, झोपते, बापाबरोबर हसते. मी चटई अंथरली की म्हणते, "तू कर. मी बघते."

७. जवळच्या शाळेत एक जागा रिकामी आहे. हो की नाही ते ३० सप्टेंबरपर्यंत कळवायचं आहे. अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

तू मुंगीला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती आठ महिन्यांची होती. त्यानंतर आपल्यात पत्र नाही. फोन केला असता तर तू "बरी आहेस ना" विचारलं असतंस, मी "बरी आहे" म्हटलं असतं आणि दोघींनी फोन ठेवला असता. लिहिलं की मुद्दा सुटत नाही.

हे मुलगी म्हणून लिहीत नाही. तू अठ्ठावीस वर्षं मुलांचा वर्ग चालवलास, म्हणून विचारते आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जून महिन्यापासून मी प्रयोगशाळेत अर्धा दिवस जाते. काम तेच, कारखान्यांची मोजायची उपकरणं तपासून देणं. सकाळी नऊ ते बारा मुंगीचा वर्ग घरात असतो. दुपारी एकला तुझा जावई दवाखान्यांच्या वर्कशॉपमधून येतो, मग मी निघते. तो अजून दातांचे साचेच करतो. दिवसभर परक्या लोकांचे दात बघून घरी आला की मुंगीला "आ कर" म्हणतो, ती त्याला "तू आधी" म्हणते.

घरी शिकवायचं मी ठरवलं, कारण मी दोन वर्ग पाहून आले. दोन्हीकडे बाई एकाच वेळी तीन मुलांना पाठ देत होत्या, आणि एका वर्गात ठोकळ्यांच्या कडा तुटलेल्या होत्या. मला वाटलं, यापेक्षा मी बरं करेन. आतली खोली रिकामी केली. फळ्या तिच्या खांद्याच्या उंचीला लावल्या. साहित्य नवीन घेतलं आणि प्रत्येक नग मोजून घेतला.

योजनेची तीन पानं सोबत जोडली आहेत. छत्तीस आठवडे, आठवड्याला चार नवे पाठ, एकूण एकशे चव्वेचाळीस. एका पाठाला बारा मिनिटं. आधी ओतणं, बटणं, पुसणं, मग मनोरा, जिना, खाचांत बसवायच्या दट्ट्यांची पेटी, मग अक्षरं, मग मणी. पंचवीस ऑगस्टपर्यंत अकरा आठवडे पुरे झाले, चव्वेचाळीस पाठ, एकही मागे नाही. म्हणजे घोडं वेगामुळे अडलं असं वरवर तरी दिसत नाही. मुलीला झेपत होतं.

तुझा जावई म्हणतो, "अगं, तिला पाच वर्षं पुरी व्हायच्या आत निवृत्त करणार आहेस का?" त्याचं मत मी नोंदवून ठेवलं आहे.

माझा प्रश्न एवढाच: योजनेत नेमकं कुठे चुकतंय? पानावर खूण करून परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे.


गुरुवार, ११ सप्टेंबर

आई,

योजना परत मिळाली, दोन दिवसांत, उलट टपाली.

पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. नव्हती. तीनही पानांच्या उजव्या कडेला तू पट्टीने एक रेघ ओढली आहेस आणि वर पेन्सिलने लिहिलं आहेस: "तिने काय केलं". खाली छत्तीस ओळी रिकाम्या.

मला राग आला हे लिहून टाकते. मी आराखडा पाठवला, त्यात सदतीस गोष्टी विचारता आल्या असत्या, आणि तू एक रकाना वाढवून दिलास. तुझ्या जावयाने पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "सासूबाईंनी तुझ्या गणिताला उत्तराची जागा सोडली आहे. आधी नव्हतीच."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी दातांच्या बाजूने. जेवायला चल."

शनिवारी मुंगी झोपल्यावर दुपारी मी रकाना भरायला बसले. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पहिला आठवडा, पहिला पाठ, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं. "दिला" या रकान्यात माझी टिक आहे, वेळ ९.०५ ते ९.१७. शेजारी तुझा रकाना. तिने काय केलं?

मला आठवेना.

ओतलं, एवढं लिहिलं. मग खोडलं. पाणी सांडलं का, सांडल्यावर ती थांबली का, पुन्हा मागितलं का, यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. अकरा आठवड्यांच्या चव्वेचाळीस पाठांपैकी सहा पाठांपुढे मी खात्रीने काही लिहू शकले. त्यातले तीन अपघात होते. प्रयोगशाळेत कुणी मला अशी वही दाखवली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. उपकरण किती वाजता टेबलावर ठेवलं ते लिहिलंय, काटा कुठे थांबला ते लिहिलेलंच नाही.

मग मला तुझ्या वर्गातली दाराजवळची बुटकी खुर्ची आठवली. कुणीही बघायला आलं की तू त्यांना तिथे बसवायचीस. एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला सारखे सांगत होते, "तो दे, तो नाही, तो लाल." तू जवळ जाऊन हळूच म्हणालीस, "या खुर्चीत बसलेल्याला डोळे असतात, तोंड नसतं." ते गृहस्थ पुढचा तासभर ओठ मिटून बसले होते. आम्ही मुलं त्यांच्याकडे बघून हसत होतो.

आम्ही मुलं म्हणजे मीही. घरी आई, वर्गात बाई. वर्गात मी चुकून "आई" म्हटलं तर तू वळायची नाहीस. पाठ द्यायचा झाला की आधी बाकीचे, शेवटी मी, कारण बाईंची मुलगी पुढे गेली असं कुणी म्हणायला नको. मला ते कारण नंतर कळलं. त्या वयात एवढंच कळत होतं की माझी पाळी येईपर्यंत साडेअकरा वाजतात आणि साडेअकराला घंटा होते. ही तक्रार नाही. मुंगीच्या वर्गात ती एकटीच आहे, तिला थांबावं लागू नये म्हणून मी योजना घट्ट बांधली, एवढं मला शनिवारी रकान्याकडे बघताना लक्षात आलं. तेही नोंदवते.

आमच्याकडे बुटकी खुर्ची नाही. सोमवारी मी बाथरूममधलं स्टूल दाराजवळ ठेवलं. सोमवार ते पुढच्या बुधवारपर्यंत पाठ बंद. मी रोज नऊ ते बारा स्टुलावर बसते आणि लिहिते. बोलत नाही.

मुंगीने पहिल्या दिवशी विचारलं, "आई, तुला शिक्षा केली?"

मी मान हलवली. नाही अशी हलवली की हो अशी, ते मलाही नीट सांगता येणार नाही.


गुरुवार, १८ सप्टेंबर

आई,

रकाना भरला. सगळा पाठवत नाही, पानं फार झाली. काही नोंदी उतरवते.

सोमवार ८. नऊ ते साडेनऊ काही नाही. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवते. ९.३४ ला माझ्याकडे बघते, मी खाली बघते. ११.१० ला स्वयंपाकघरात जाते. बरण्यांची झाकणं जमिनीवर काढते, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावते. दोन झाकणं सारखी वाटतात म्हणून एकावर एक ठेवून कडेवरून नख फिरवते. फरक सापडतो. पंचवीस मिनिटं. हा पाठ माझ्या योजनेत नाही.

मंगळवार ९. खोलीतली सगळी पाणी ओतायची भांडी घेऊन बाथरूममध्ये जाते. दार अर्धं लावून घेते. फटीतून दिसतं तेवढं लिहिते. ओतते, परत ओतते. तेवीस वेळा. सतराव्या वेळेनंतर एक थेंबही सांडत नाही, तरी सहा वेळा आणखी. मग भांडी पुसून जागेवर ठेवते. हे पहिल्या आठवड्यातलं काम. मी त्याला बारा मिनिटं दिली होती आणि टिक मारली होती. म्हणजे अकराव्या दिवशी मी तुला "एकाही साहित्याला हात लावलेला नाही" असं लिहिलं ते खरं नसावं. माझ्यादेखत लावलेला नाही, एवढंच खरं.

शुक्रवार १२. तिच्याकडे एक कापडी हत्ती आहे. त्याला चटईवर बसवते. त्याच्यापुढे खरकागदाची अक्षरं मांडते आणि बोलते. तिचे शब्द जसेच्या तसे:

"हे झालं. आता पुढचं. हे झालं. आता पुढचं. लक्ष कुठाय तुझं? बरं, हे झालं. बारा मिनिटं झाली. ऊठ."

हत्तीला उठवून ती भिंतीकडे तोंड करून ठेवते.

यापुढे मी काही लिहिलेलं नाही. वेळही लिहिलेली नाही. माझ्या वहीत नऊ दिवसांत तेवढी एकच नोंद वेळेशिवाय आहे.

मंगळवार १६. तुझ्या जावयाला सुट्टी होती. तो चटईजवळ जमिनीवर पसरला होता.

"काय गं मुंगे, मनोरा करत नाहीस हल्ली?"

"नाही."

"का? पडतो?"

"पडत नाही. त्यात आजोबा नाहीत."

"मग?"

"मग तो मनोरा कसा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर होते, आणि स्टुलावर बसलेल्याला तोंड नसतं. नियमाचा असाही उपयोग होतो हे मला माहीत नव्हतं. तिच्या वाक्याचा अर्थ तुला लागणार नाही. मला लागला.

आता चार वर्षांपूर्वीचं. तू ते विसरली असशील असं मला वाटत नाही, तरी माझ्या बाजूने एकदा लिहून ठेवते.

तू वर्ग बंद करत होतीस. साहित्य एका नव्या शिक्षिकेला द्यायचं होतं. तू मला म्हणालीस, "तुला मोजता येतं, देण्याआधी एकदा नजर टाक." मी नजर टाकली नाही, मी कॅलिपर घेऊन आले. मनोऱ्याचा सहावा ठोकळा सहा सेंटिमीटरचा हवा, तो पाच पूर्णांक आठ भरला. मी त्याला लाल चिठ्ठी लावली: "त्रुटी २ मिमी. वापरास अयोग्य." त्या शिक्षिका समोर होत्या. तू म्हणालीस, "राहू दे, तो तसाच आहे." मी म्हटलं, "तसाच म्हणजे? अठ्ठावीस वर्षं तू मुलांच्या हातात चुकीचं माप देत होतीस."

बाकीचे नऊ ठोकळे तू पिशवीत घातलेस. त्या शिक्षिका म्हणाल्या, "बाई, मी नवीन मनोरा घेईन, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." दारात तू मला विचारलंस, "सहावा कुठाय?" मी म्हटलं, "टाकला."

तुझा वर्ग बंद होण्याच्या दोन वर्षं आधी अण्णा गेले होते. तो ठोकळा अण्णांच्या हातचा होता हे मला ठाऊक नव्हतं, असं तुला वाटत असेल. तसं वाटू देणं मला सोयीचं होतं.

उरलेलं आज लिहीत नाही. मोजायचं बाकी आहे.


रविवार, २१ सप्टेंबर

आई,

चार तारखेच्या पत्रातली नोंद क्रमांक ४ अपुरी होती. दुरुस्त नोंद अशी:

४. ९.४० वाजता मुंगीने मनोऱ्यात अकरावा ठोकळा लावला. तो माझ्या नव्या संचातला नव्हता. तो तुझ्या मनोऱ्यातला सहावा होता. मी म्हटलं, "हा त्यातला नाही." ती म्हणाली, "आहे." मी तिचं मनगट धरलं, तिच्या बोटांतून ठोकळा काढून घेतला आणि खिशात टाकला. धक्क्याने मनोरा पडला. ती म्हणाली, "तो आजोबांचा आहे." मी म्हटलं, "म्हणूनच तो चुकलेला आहे."

हे वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले.

ठोकळा मी टाकला नव्हता. टाकला म्हणून तुला खोटं सांगितलं. तो माझ्या अवजारांच्या पिशवीत होता, मग प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर. नवीन शिकाऊ आले की मी तो त्यांच्या हातात द्यायची. "डोळ्यांना सहा वाटतो. मोजा." ते मोजायचे आणि शरमायचे. चार वर्षं मी अण्णांचा ठोकळा नापास मालाचा नमुना म्हणून वापरला. तो त्यांचा आहे हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. रंग बाकीच्या नवांपेक्षा जरासा गडद, आणि कुंचला एकाच दिशेने ओढलेला. आपल्या घराची सगळी दारं त्यांनी तशीच रंगवली होती. हे मी तुझ्या जावयाला एकदा सांगितलं होतं, त्याने मुंगीला सांगितलं. अर्ध्या दिवसाचं काम घेतलं तेव्हा टेबलाचा खण रिकामा केला, पिशवी घरी आली, आणि ऑगस्टमध्ये मुंगीने ती उघडली.

आता या आठवड्यातलं.

शुक्रवारी सकाळी मी ठोकळा फळीवर मनोऱ्याशेजारी ठेवला आणि स्टुलावर बसले. मुंगी आली. बघितलं. मला वाटलं धावेल. ती आधी हात धुऊन आली.

चटई अंथरली. अकरा फेऱ्या मारून अकरा ठोकळे आणले. दहा, नऊ, आठ, सात रचले. मग माझा सहा आणि अण्णांचा सहा शेजारी ठेवले. डोळे मिटले. दोन्ही हातांच्या बोटांनी एकाच्या कडा चाचपल्या, मग दुसऱ्याच्या. परत पहिल्याच्या. माझा खाली ठेवला, अण्णांचा त्यावर. मग पाच. मग शेवटपर्यंत.

मी उठून जवळ गेले. सात, सहा, पाच-आठ, पाच. क्रम बरोबर होता. पंचवीस ऑगस्टलाही तिने तो तिथेच लावला होता. सहा आणि पाचच्या मध्ये, त्याच्या जागेवर. मी जी चूक दुरुस्त केली, ती चूक नव्हती. चार वर्षं आठ महिन्यांच्या मुलीने दोन मिलिमीटर बोटांनी ओळखले होते. माझ्या यादीत दहा ठोकळे होते म्हणून मला अकरावा दिसला नाही.

मग तिने मला चटईवर बसायला सांगितलं. तीन पायऱ्यांचा पाठ दिला, तू द्यायचीस तसाच, आधी नाव सांगायचं, मग विचारायचं, मग म्हणवून घ्यायचं. दोन ठोकळे पुढे ठेवले.

"हा आईचा. हा आजोबांचा." थांबली. "आता दाखव, आजोबांचा कुठला?"

तिने ते चटईवर उलटसुलट केले होते. चटई गुलाबी आहे आणि खिडकीतून उजेड डोळ्यांवर येत होता, ही कारणं मी आत्ता देते आहे. तेव्हा मी बोटाने दाखवला आणि तो माझा निघाला.

दुसरी पायरी चुकली तर "चुकलं" म्हणायचं नाही. साहित्य उचलून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायचं. हा तुझा नियम. मी तो मुंगीला कधी लावलेला नाही. मी "नाही, परत" म्हणते.

मुंगीने दोन्ही ठोकळे उचलले. "उद्या करू हं," म्हणाली आणि चटई गुंडाळली.

हे तिला मी शिकवलेलं नाही.

दुपारी तिला बापाकडे सोपवून मी अण्णांचा ठोकळा घेतला आणि कॅलिपर काढला. चार वर्षांपूर्वी मी त्याची फक्त उंची मोजली होती. एक माप घेऊन निकाल दिला होता. माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याचा सही करायचा अधिकार काढून घेतला असता. शुक्रवारी तिन्ही दिशा मोजल्या, प्रत्येकी पाच ठिकाणी.

अठ्ठावन्न मिलिमीटर. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. कुठेही केसाएवढाही फरक नाही.

चुकून कापलेला ठोकळा तीन दिशांना सारखाच चुकत नाही. म्हणजे तो आधी साठचा होता आणि कुणीतरी सहाच्या सहा बाजूंवरून बरोबर एकेक मिलिमीटर रंधला. हाताने. माझ्याकडे वीस वर्षं शिकलेले लोक आहेत, त्यांना यंत्राशिवाय हे जमणार नाही. मी चार वर्षं ज्याला नापास म्हणून फिरवत होते, तो माझ्या टेबलावर आलेल्या सगळ्या लाकडी वस्तूंमध्ये सर्वांत अचूक नग आहे.

मग प्रश्न असा की का रंधला.

एका कडेवर, रंगाखाली, दोन लहान खळगे आहेत. उजेडात तिरपा धरला तरच दिसतात. मी तो तुझ्या जावयाकडे नेला. त्याने खिडकीत धरला आणि नखाने चाचपला.

"दात आहेत," म्हणाला. "दुधाचे. वरचे मधले दोन. बाकी रंध्यात गेलं असेल, हा तळ उरलाय. आणि मध्ये फट आहे बघ. चांगली मोठी."

"वय?"

"तीन ते पाच. चावलंय कुणीतरी मनापासून." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आ कर बघू."

"माझे दुधाचे पडून पंचवीस वर्षं झाली."

"तेही खरंच."

आणखी अर्धा मिलिमीटर काढला असता तर खळगे पूर्ण गेले असते. अण्णांना ते दिसले नसतील असं मी मानू शकत नाही. त्यांनी चावून फुटलेली कड रंधून काढली, ठोकळा पुन्हा सगळीकडून चौकोनी केला, आणि तिथे रंधा थांबवला.

त्या वयातला माझा दात दिसेल असा फोटो माझ्याकडे नाही. मी फोटोत तोंड मिटून असायचे. मला चावल्याचं आठवत नाही. साडेअकरापर्यंत वाट बघितल्याचं आठवतं.

काल, शनिवारी, मुंगीने पाठ पुन्हा पहिल्यापासून दिला. मी डोळे मिटले आणि बोटांनी सांगितलं. बरोबर आलं. ती म्हणाली, "हं," आणि ठोकळे ठेवून पाणी ओतायला गेली. मी माझी योजना बाजूला ठेवली आहे. फाडलेली नाही. डावीकडचे रकाने कोरे केले, तुझा तेवढा ठेवला.

शाळेचा अर्ज अजून फ्रिजवर आहे. त्यावर मी एकटीने सही करू नये असं माझं मत झालं आहे. आमच्या कामात कुठलंही उपकरण स्वतःच स्वतःला तपासत नाही. त्याला वर त्याच्यापेक्षा भरवशाच्या मापाकडे पाठवावं लागतं. मी मुंगीबरोबर घरी हे चालवू शकते की नाही, ते मला आतून दिसत नाही. ते बघणारं माणूस मला एकच माहीत आहे.

म्हणून विचारते.

एक. सोमवार, २९ सप्टेंबरला सकाळी नऊला तू येशील का? दाराजवळ बसायला जागा आहे. मी खरी बुटकी खुर्ची आणली आहे, स्टूल बाथरूममध्ये परत गेलं. तू तीन तास बसायचं आणि बघायचं. मुंगीकडे बघ, माझ्याकडेही बघ. तोंड असलं तरी चालेल.

दोन. येताना नऊ ठोकळे आण. सहावा इथे आहे. लाल चिठ्ठी मी तो फळीवर ठेवण्याआधीच काढली. तिचा डिंक निघत नव्हता, कोमट पाण्याने पुसला, रंगाला धक्का लागलेला नाही.

तीन. ते दात कुणाचे?

मंगळवारी ३० तारीख आहे, त्यामुळे मला आधी कळायला हवं. उत्तर शनिवार, २७ सप्टेंबरपर्यंत पाठव. एक ओळ पुरे. नुसता रकाना पाठवलास तरी चालेल, पण या वेळी तो भरून पाठव.